एका शून्याची किंमत

आमच्या हैदराबादच्या स्मरणिकेसाठी लिहिलेल्या लेखात पॅरासिटॅमॉलची मात्रा दर किलो वजनामागे १५ मिलिग्रॅम होती. अखेरच्या मुद्रितात ती १५० दिसली आणि अंगावर काटा आला. तेलुगुभाषक मांडणीकाराकडून कागदावरची दुरुस्ती पुन्हा टंकताना एक शून्य वाढले होते.

म्हणून पन्नाशीनंतर मी ‘इनकॉपी’ शिकलो. मांडणीकार १९९९ साली आलेल्या ‘इनडिझाइन’मध्ये पान रचतो, लेखक ‘इनकॉपी’तून त्यातील आपला मजकूर ताब्यात घेऊन स्वतः सुधारतो. तोवर इतरांना तो कुलूपबंद असतो. किती ओळी चौकटीबाहेर गेल्या, तेही समजते.

पुन्हा टंकणे टळले. मात्र १५ आणि १५० यांतील अंतर यंत्राला कळत नाही. शेवटचे वाचन, वैद्यकबंधूंनो, आपलेच!