पात्रघडणीचा हिशेब



सारीपाटावरील सोंगट्यांत फरक असतो तो केवळ रंगाचा. तांबडी सोंगटी काळीहून बलवान नसते आणि हिरवी पिवळीहून शहाणी नसते. परंतु एक खेळ असा आहे, की ज्यात खेळ मांडण्यापूर्वी सोंगटीच घडवावी लागते. तिचे बळ किती, बुद्धी किती, तिचा पेशा कोणता, ती वाढली कोठे, हे सारे आधी ठरते आणि मग डाव सुरू होतो. इंग्रजीत याला 'रोलप्लेइंग गेम' म्हणतात; आपण त्याला भूमिका-खेळ म्हणू. चारपाच मंडळी मेजाभोवती बसतात. त्यांतील एकजण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो आणि बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने 'मी अमुक करतो' असे बोलतात. करणे साधले की फसले, याचा निवाडा फासा करतो. म्हणजे अर्धे नाटक आणि अर्धा द्यूत असा हा प्रकार आहे.

या जातीचा पहिला छापील खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा अमेरिकेत 1974 साली निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. त्यांनी प्रत्येक पात्राला सहा गुण दिले: बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि लोकांवर पडणारी छाप. प्रत्येक गुणासाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे आणि येईल ती बेरीज मुकाट्याने मान्य करायची, असा मूळ नियम होता. तीन फाशांवर अठरा पडण्याचा संभव 216 मध्ये एक; दहा किंवा अकरा मात्र चारांतून एकदा पडतात. तेव्हा बहुतेक पात्रे तुमच्याआमच्यासारखीच सामान्य निपजत. खेळणाऱ्याने आपले पात्र निवडायचे नसे; ते पदरी पडे आणि पवित्र मानून घ्यावे लागे. 1977 सालच्या 'ट्रॅव्हलर' या खेळात तर पात्राच्या पूर्वायुष्यातील नोकरीची दर चार वर्षे फाशावर ठरत, आणि फासा उलटला तर खेळ सुरू होण्यापूर्वीच पात्र मरण पावे!

दैवाची ही सत्ता लोकांना फार काळ मानवली नाही, आणि ते स्वाभाविकही होते. एकाच संध्याकाळी एकाला भीम मिळावा आणि शेजाऱ्याला पांगळा, आणि दोघांनी वर्षभर तसेच खेळावे, यात न्याय कोठला? म्हणून 1979 साली चार फासे टाकून सर्वांत लहान फासा वगळण्याची रीत छापली गेली. तिच्यामुळे गुणाची सरासरी साडेदहावरून सुमारे सव्वाबारावर गेली. दैव थोडे दयाळू झाले, परंतु ते दैवच राहिले. खरा पालट झाला तो सर्वांना सारखे भांडवल देण्याच्या कल्पनेने. 1981 सालचा 'चॅम्पियन्स' आणि 1986 सालचा 'गर्प्स' हे खेळ याच पायावर उभे आहेत. ठराविक गुण हाती द्यायचे आणि त्यांतून ज्याने त्याने आपले पात्र विकत घ्यायचे.

ही खरेदी कशी चालते ते एका उदाहरणाने पाहू. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या 2014 सालच्या नियमांत 27 गुणांचे भांडवल मिळते. प्रत्येक गुण आठपासून सुरू होतो. तेरापर्यंतची प्रत्येक पायरी एका गुणाला पडते. चौदावी आणि पंधरावी पायरी दोन दोन गुणांना. म्हणजे पंधरा हवे असल्यास नऊ गुण मोजावे लागतात. आता हिशेबी माणूस काय करतो पाहा. त्याला योद्धा घडवायचा आहे. तो बळ, चपळाई आणि काटकपणा तिन्ही पंधरावर नेतो. नऊ त्रिक सत्तावीस, भांडवल संपले. बुद्धी, शहाणपण आणि छाप ही तिन्ही आठावरच राहतात. एका बाजूस कमाल आणि दुसऱ्या बाजूस किमान, म्हणून या रीतीला 'मिन-मॅक्सिंग' असे नाव पडले आहे.

या हिशेबाला नाके मुरडण्याचे कारण नाही. वीस बाजूंच्या फाशावर एकेका अंकाची भर म्हणजे शंभरांत पाचांची भर, हे ज्याला उमगले त्याने ते वापरावे. तो खेळाचाच भाग आहे. शिवाय हिशेब करणारा चांगला नट नसतो, ही समजूतही खरी नव्हे. तालीम केलेल्या तबलजीच्या हातून भाव निसटतो असे आपण म्हणतो काय? पात्राचे अंक नीट जुळवणे आणि त्याची भूमिका जीव ओतून वठवणे, ही दोन निराळी कौशल्ये आहेत, आणि ती एकाच माणसात सुखाने नांदू शकतात.

मग अडते कोठे? हिशेब अपुरा राहतो तेथे. आपल्या योद्ध्याला वेशीवरच्या पहारेकऱ्याचे मन वळवायचे आहे आणि सूत्रधाराने त्यासाठी पंधरा हा अंक ठरवला आहे. छाप आठ असल्याने फाशातून एक वजा होतो. सोळा किंवा अधिक पडले तरच काम होणार, म्हणजे शंभरांत पंचवीस वेळा. छाप पंधरा असती तर दोनांची भर मिळून हाच संभव चाळीसवर गेला असता. अशा वेळी तो गृहस्थ काय करतो? गप्प बसतो. लढाई आली की तो सर्व शत्रूंना एकटा लोळवतो आणि मग बाकीचे तिघे गप्प बसतात. एका रात्रीत प्रत्येकजण पाळीपाळीने प्रेक्षक होतो. सारखे भांडवल देऊन जो न्याय साधायचा होता, तो येथे मागच्या दाराने निघून जातो.

यावर उपाय नियमांत थोडा आणि माणसांत अधिक आहे. 'गर्प्स'मध्ये पात्रात उणीव घेतली तर जादा गुण मिळतात: एक डोळा नसणे, दिलेला शब्द न मोडण्याचे व्रत, अशा उणिवा. चतुर खेळाडू कधी आड न येणारी उणीव शोधतो; वाळवंटातल्या कथेत पाण्याची भीती घेतो. परंतु जी उणीव कधी नडत नाही तिची किंमत कोणी का द्यावी? ते सूत्रधाराने पाहायचे असते. 2024 सालच्या सुधारलेल्या नियमांत गुणांतील वाढ वंशावर न ठेवता पात्राच्या पूर्वायुष्यावर ठेवली आहे. शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्याला बळ, काटकपणा किंवा शहाणपण वाढवता येते. कोणत्या वंशात जन्मलो यापेक्षा कोणते जिणे जगलो याला मोल आले, हा पालट मला फार मोलाचा वाटतो.

माणसांतला उपाय त्याहून साधा आहे. पात्रे एकट्याने घरी बसून घडवू नयेत, सर्वांनी एकत्र बसून घडवावीत. आज पुष्कळ मंडळी पहिल्या डावाआधी यासाठी निराळी बैठक घेतात. कोण लढणार, कोण वाटाघाट करणार, कोणाची उणीव कोण भरून काढणार, कथा कोणत्या वळणाची हवी, हे तेथे ठरते. मग आपल्या योद्ध्याची आठावरची छाप हा दोष राहत नाही. शेजारच्या गायिकेच्या पात्राला बोलायला मोकळी केलेली ती जागा असते.

'सर्वांत उत्तम पात्र कोणते?' असे नवखा विचारतो. त्याला एवढेच सांगावे, की कागदावरच्या अंकांवरून या प्रश्नाचे उत्तर निघत नाही. दैवाने दिलेले असो वा भांडवलातून घेतलेले असो, ज्याच्या असण्याने शेजारच्या पात्राला काही करण्याजोगे उरते, तेच पात्र नीट हिशेबाने घडले असे समजावे. सत्तावीस गुण ज्याचे त्याचे असतात. डाव मात्र सर्वांचा असतो.