हिरड्यांच्या आजारावरचे उपचार

दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे जिवाणूंचा चिकट थर साचत राहतो. रोजच्या घासण्याने तो निघतो. राहिला तर लाळेतल्या क्षारांमुळे टणक होऊन त्याचे कीटण बनते, आणि ते ब्रशला दाद देत नाही. हिरडी सुजते, घासताना रक्त येते. या टप्प्यावर आजार पूर्ण बरा होतो. १९६५ साली डेन्मार्कमधल्या हॅराल्ड लोए यांच्या प्रयोगात निरोगी माणसांनी दात घासणे थांबवले, तेव्हा तीन आठवड्यांच्या आत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू होताच साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. रक्त येते म्हणून ब्रश बंद करणे हा त्यामुळे उलटा उपाय ठरतो.

दुर्लक्ष झाल्यास सूज खाली उतरते आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. यालाच लोक पायोरिया म्हणतात. हिरडी आणि दात यांमधली फट निरोगी तोंडात १ ते ३ मिलिमीटर असते. त्याहून खोल फटीत ब्रश पोचत नाही. तेव्हा दंतवैद्य भूल देऊन मुळांवरचे कीटण खरवडतात. मुख्य उपचार हाच. दात साफ केल्याने ते सैल होतात, हा समज मात्र घट्ट रुजलेला आहे. प्रत्यक्षात कीटण निघते, सूज ओसरते आणि आधीच पडलेल्या फटी उघड्या दिसू लागतात.

काही आठवड्यांनी फटी पुन्हा मोजतात. त्या खोलच राहिल्या तर हिरडी उघडून मुळे साफ करतात आणि टाके घालतात. हाडातल्या ठरावीक आकाराच्या खड्ड्यांत कृत्रिम हाडाची भुकटी भरता येते; पण सगळीकडे झिजलेले हाड परत आणणे शक्य नसते. प्रतिजैविके निवडक रुग्णांनाच, तीही सफाईच्या जोडीने दिली जातात. क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या थोडे दिवसच कराव्यात, कारण त्यांनी दातांवर तपकिरी डाग पडतात.

मधुमेह आटोक्यात नसेल तर जखम भरायला वेळ लागतो. तंबाखूनेही उपचाराचा गुण कमी येतो. त्यातही धूम्रपान करणाऱ्यांत रक्त कमी येत असल्याने आजार लपून राहतो. मिश्री लावणाऱ्यांना ती दात साफ करते असे वाटते, पण तीही भाजलेली तंबाखूच. उपचारानंतर आजार पुन्हा उलटू शकतो, म्हणून अशा रुग्णांना सुरुवातीला साधारणपणे दर तीन महिन्यांनी सफाईसाठी बोलावतात.