मुलांना घेऊन बारमध्ये बसता येतं का? इंग्लंडच्या फुटबॉल स्टेडियमपासून मैंदर्गीच्या ‘फॅमिली रूम’पर्यंत

अक्कलकोटला स्वामींचं दर्शन झालं की बरीच कुटुंबं तशीच पुढे गाणगापूरला निघतात. समजा, तुम्हीही निघालात. मैंदर्गी, दुधनीच्या बाजूला येईपर्यंत रात्रीचे नऊ वाजले. मागच्या सीटवर पोरं भुकेनं कावलीयेत. रस्त्याकडेला एक हॉटेल दिसतं. बोर्डावर लिहिलंय, ‘व्हेज-नॉनव्हेज, फॅमिली रूम, परमिट रूम’.

गाडी थांबवायची की नाही?

बहुतेक जण थांबवतात. कारण भूक लागलेली असते आणि बोर्डावर ‘फॅमिली’ असा शब्द असतो. आत गेल्यावर कळतं, की फॅमिली रूम आणि परमिट रूम यांच्या मधे एक पडदा किंवा प्लायवूडचं पार्टिशन आहे. बाथरूमला जायचा रस्ता मात्र पलीकडच्या टेबलांमधूनच जातो.

आता हाच प्रसंग इंग्लंडमधल्या एखाद्या फुटबॉल स्टेडियममध्ये नेऊन बघा. मैंदर्गीत फुटबॉलचं स्टेडियम नाही, पण प्रश्न अगदी सारखा आहे. बाप आठ वर्षांच्या पोराला मॅच दाखवायला घेऊन आलाय. मध्यंतरात पोराला भूक लागली. खायचं मिळतं तिथंच बिअरही मिळते. मग पोराला तिथं न्यायचं की नाही?

पोरांना बारमध्ये येऊ द्यावं का, हा वाद दोन्हीकडे आहे. कायदा काय सांगतो आणि कुठल्या गोष्टीबद्दल तो गप्प बसतो, ते बघू.

स्टेडियममध्ये बिअर मिळते, मग ती खुर्चीवर का पीत नाहीत?

१९८५ हे इंग्लिश फुटबॉलसाठी फार वाईट वर्ष होतं. ११ मे रोजी ब्रॅडफर्डच्या मैदानात स्टँडला आग लागून ५६ जण गेले. २९ मे रोजी ब्रुसेल्सच्या हेझेल स्टेडियममध्ये लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांच्या फायनलआधी हाणामारी झाली, भिंत कोसळली आणि ३९ जणांचा जीव गेला. ब्रॅडफर्डच्या आगीचा दारूशी संबंध नव्हता, पण फुटबॉलच्या मैदानावरची दंगामस्ती आणि दारू यावर इंग्लंडमध्ये आधीपासूनच बोललं जात होतं.

त्याच वर्षी इंग्लंड आणि वेल्ससाठी कायदा आला. मोठ्या फुटबॉल सामन्यांत जिथून मैदान दिसतं, तिथं दारू जवळ बाळगायची नाही. मॅचच्या दोन तास आधीपासून संपल्यानंतर एक तासापर्यंत हा नियम लागू असतो. क्रिकेटला तो लागू नाही. त्यामुळे लॉर्ड्सवर माणूस खुर्चीत बसून बिअर पिऊ शकतो, फुटबॉलच्या स्टँडमध्ये नाही.

मग फुटबॉलवाले पितात कुठे? स्टँडच्या खालच्या पॅसेजमध्ये. बिअरचा काउंटर तिथं, खाण्याचा काउंटर तिथं, संडास-बाथरूमही तिथंच. मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत सगळे एकदम खाली उतरतात आणि घाईघाईनं ग्लास रिकामे करतात. त्या गर्दीत बापाचं बोट धरलेली पोरंही असतात.

म्हणजे मैदानासमोरून दारू हटवली आणि ती नेमकी खाण्याच्या रांगेत येऊन उभी राहिली.

मग तिथं मुलांना बंदी का नाही?

इंग्लंडचा २००३ चा परवाना कायदा सांगतो, की जी जागा मुख्यतः दारू विकण्या-पिण्यासाठीच आहे, तिथं १६ वर्षांखालचं मूल एकटं असता कामा नये. सोबत १८ वर्षांवरचा माणूस हवा. जिथं दारू मिळते पण ते मुख्य काम नाही, तिथं ही अट मध्यरात्र ते पहाटे पाच एवढ्यापुरतीच आहे. मूल आत येऊ शकतं, दारू मात्र विकत घेऊ शकत नाही. त्यासाठी वय १८ लागतं.

याच कायद्यात आणखी एक कलम आहे. मुलाला दारू आणायला पाठवणं हाही गुन्हा आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जर्मनीत स्टँडमध्ये बसून बिअर पिण्याची पद्धत आहे. तिथल्या बालसंरक्षण कायद्यानुसार १६ वर्षांखालच्या मुलाला पालकांसोबत हॉटेल-बारमध्ये बसता येतं. एकटं असेल तर पहाटे पाच ते रात्री अकरा या वेळात, तेही काही खाण्या-पिण्यापुरतं. बिअर आणि वाइन १६ व्या वर्षी मिळते, आणि पालक सोबत असतील तर १४ व्या वर्षीसुद्धा चालते.

दुसरं टोक कतारचं. २० नोव्हेंबर २०२२ ला वर्ल्डकप सुरू होणार होता. १८ नोव्हेंबरला जाहीर झालं, की स्टेडियमच्या आवारात बिअरची विक्री होणार नाही. वर्ल्डकपला बिअर कंपनीची स्पॉन्सरशिप असूनही सामान्य प्रेक्षकांसाठी हे काउंटर निघाले.

महाराष्ट्रात काय?

आपल्याकडे सामान्य प्रेक्षकांच्या स्टँडखाली बार ही पद्धतच नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींच्या मॅचला अख्खी पेठ लोटते, पण ती बिअरच्या काउंटरसाठी नाही. आपल्याकडे हा प्रश्न मैदानावर नसून रस्त्यावरच्या हॉटेलात आहे.

आधी ‘परमिट रूम’ हा शब्द कुठून आला ते बघू. मुंबई राज्यानं १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. बंदीच्या काळात ज्यांच्याकडे परमिट असेल, त्यांनाच दारू मिळायची. बंदी पुढे सैल होत गेली, पण कायदा आणि परमिट दोन्ही राहिले. आजही महाराष्ट्रात दारू प्यायला कागदोपत्री परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. म्हणजे नावाप्रमाणे ती परमिटवाल्यांची खोली आहे आणि शाळकरी पोराकडे परमिट असूच शकत नाही. कारण आपल्याकडे सौम्य बिअर आणि वाइनसाठी वय २१ लागतं, बाकी दारूसाठी २५.

मैंदर्गीपासून कर्नाटकची हद्द जवळ आहे. पलीकडच्या अफझलपूर तालुक्यात गेलात की वयाची अट २१. कर्नाटक सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये ती १८ वर आणायचा मसुदा काढला होता, पण विरोध झाला आणि तो मागे घेतला. घरात कन्नड आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या या भागात एकाच घरातल्या २२ वर्षांच्या पोराला व्हिस्कीसाठी एका बाजूला ‘चालेल’ आणि दुसऱ्या बाजूला ‘नाही’ असं उत्तर मिळतं.

अठराच्या आतल्या मुलांबाबत मात्र दोन्हीकडे एकच कायदा आहे, कारण तो केंद्राचा आहे.

कलम ७७ आणि ७८: हे दोन आकडे पाठ करा

बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७७ सांगतं, की डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय १८ वर्षांखालच्या मुलाला जो कोणी दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूचे पदार्थ देईल किंवा द्यायला लावेल, त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

यात ‘जो कोणी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्यात वेटर येतो, मालक येतो, आणि लग्नाच्या वरातीत “घे रे, एक घोट, काही होत नाही” म्हणणारा काकाही येतो. जर्मनीत बापानं १४ वर्षांच्या पोराला बिअर दिली तर चालतं. आपल्याकडे पालक म्हणून सूट नाही.

कलम ७८ मुलाकडून दारू विकून घेणं, वाहून नेणं, पोहोचवणं यासाठी आहे. शिक्षा तेवढीच. आता गावातलं नेहमीचं चित्र आठवा. “जा रे बाळ्या, दुकानातून एक क्वार्टर घेऊन ये, उरलेल्या पैशाचं चॉकलेट खा.” बाळ्या बारमध्ये बसत नाही, पीत नाही, नुसती बाटली आणतो. पण कलमाचे शब्द बघितले तर त्याला पाठवणारा ७८ मध्ये सापडू शकतो आणि त्याच्या हातात बाटली देणारा दुकानदार ७७ मध्ये. इंग्लंडच्या कायद्यातलं मघाचं कलम हेच सांगतं.

हॉटेलात ग्लास धुणारं, टेबल पुसणारं पोर असेल तर बालकामगार कायदा वेगळाच लागतो. १४ वर्षांखालच्या मुलाला हॉटेल-धाब्यावर कामाला ठेवता येत नाही.

कायदा आहे, पण पाळतो कोण?

१९ मे २०२४ ची पहाट. पुण्यात कल्याणीनगरमध्ये पोर्शे कारनं दुचाकीला उडवलं आणि दोन तरुण इंजिनिअर जागीच गेले. गाडी चालवणारा मुलगा १७ वर्षांचा होता, असं पोलिसांनी सांगितलं. त्याआधी तो मित्रांसोबत मुंढवा भागातल्या दोन बारमध्ये बसला होता, असंही तपासात पुढे आलं. मुलाच्या वडिलांना आणि बारशी संबंधित लोकांना अटक झाली, कलम ७७ लावलं गेलं. उत्पादन शुल्क विभागानं ते बार सील केले. त्या दिवसापर्यंत हे कलम किती जणांना माहीत होतं?

या प्रकरणात सगळी चर्चा ३०० शब्दांच्या निबंधावर गेली, कारण जामिनाच्या अटीत तो होता. पण त्याआधी दोन ठिकाणी कुणीतरी दार उघडलं, कुणीतरी ऑर्डर घेतली, कुणीतरी बिल बनवलं. वयाचा दाखला मागायला एक मिनिट लागलं असतं. तिथं त्यानं दारू मागेपर्यंत थांबायचीही गरज नव्हती, दारातच विचारता आलं असतं.

म्हणून ‘मूल आत आलं तर काय बिघडलं, प्यायलं नाही म्हणजे झालं’ हा युक्तिवाद कागदावर ठीक वाटतो. पण एकदा आत बसल्यावर टेबलावरचा ग्लास कुणाचा, हे कोण बघत बसणार? दारात थांबवणं सोपं, टेबलावर थांबवणं अवघड.

“घरच्यांसमोर घेतली तर बिघडत नाही” हे खरं आहे का?

असं म्हणणारे बरेच भेटतात. चोरून पिण्यापेक्षा आईबापासमोर थोडी चव घेऊ दे, म्हणजे आकर्षण राहत नाही, असा त्यांचा मुद्दा असतो.

ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० मुलांकडे सहा वर्षं लक्ष ठेवून हे तपासलं गेलं. निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये आले. पालकांनी दारू दिल्यामुळे मुलं पुढच्या त्रासापासून वाचली, असं काही दिसलं नाही. उलट अशा मुलांना इतरांकडून दारू मिळण्याची शक्यता वाढलेली दिसली. दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. इथं तर मेंदूची वाढ अजून चालू असलेल्या मुलांचा विषय आहे.

डोळ्यांचं काय?

कायदा मुलाचे हात बघतो. हातात ग्लास आला की गुन्हा, बाटली आली की गुन्हा. डोळ्यांसमोर काय आहे, याबद्दल तो बराचसा गप्प आहे.

१९९८ मध्ये कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन्ही मोठ्या फुटबॉल क्लबांच्या नावाआधी दारू कंपनीच्या ब्रँडची नावं लागली. लिव्हरपूलच्या जर्सीवर १९९२ ते २०१० बिअरच्या ब्रँडचं नाव होतं. पुढे तिथं मुलांच्या मापाच्या जर्सीवरून ते काढावं लागलं. पोराच्या छातीवर दारूचं नाव नको, एवढं तरी त्यांनी मान्य केलं. आपल्याकडे टीव्हीवर दारूच्या थेट जाहिरातीला बंदी आहे, तरी त्याच नावाचा सोडा आणि त्याच नावाचं पाणी मॅचच्या मधे येतंच.

मग उत्तर काय?

जिथं मुख्य काम जेवणाचं आहे, तिथं मुलाला नेण्यात गैर नाही. अक्कलकोट-गाणगापूरच्या वाटेवर रात्री नऊला भुकेल्या पोराला घेऊन थांबलेल्या आईला ‘इथं बार आहे, पुढे जा’ म्हणणं हा काही उपाय नाही. पण मग ‘फॅमिली रूम’ ही खरोखर वेगळी खोली हवी. दार वेगळं, बाथरूम वेगळं आणि मधे पडद्याऐवजी भिंत. जिथं मुख्य काम पिण्याचं आहे, तिथं मूल नकोच, बाप सोबत असला तरीही. बाप दोन पेग घेणार, तासभर लांबणार आणि शेवटी तोच गाडी चालवणार. त्या गाडीत मूल आहे, हा मुद्दा दारातल्या पाटीपेक्षा मोठा आहे.

इंग्लंडमधल्या अनेक क्लबांनी कुटुंबांसाठी वेगळे स्टँड केले. मैंदर्गीच्या रस्त्यावर त्याहून कमी खर्चात काम भागेल. तुम्ही गिऱ्हाईक आहात, बसण्याआधी विचारा, “बाथरूम कुठून आहे?” उत्तर परमिट रूममधून असेल तर पुढचं हॉटेल बघा. चार कुटुंबं अशी उठून गेली की भिंत आपोआप उभी राहते.

आणि घरी पोचल्यावर बाळ्याला क्वार्टर आणायला पाठवू नका. बारच्या दारात अडवलेलं मूल आपणच मागच्या दारानं आत पाठवत असू, तर पाटी कितीही मोठी लावली तरी उपयोग नाही.