पासपोर्ट फ्रान्सचा, परवाना परक्या देशाचा

पासपोर्ट हा शब्दच मुळी फ्रेंच. व्हिसा हा शब्दही इंग्रजीत फ्रेंचमधूनच आला. ज्यांच्या भाषेने जगाला हे दोन शब्द दिले, त्या फ्रान्सच्या नागरिकांना परदेशात जाताना काय काय करावे लागते, ते आम्ही या लेखात सांगणार आहोत.

वाचक विचारतील, फ्रेंचांचे आम्हाला काय? प्रश्न रास्त आहे. आज आपल्या घराघरांतून मुले-मुली परदेशी शिक्षणाच्या आणि नोकरीच्या गोष्टी करू लागली आहेत. 'व्हिसा मिळाला' एवढे ऐकून आईवडील पेढे वाटतात. पण तो व्हिसा कशाचा, किती दिवसांचा, त्यावर काम करता येते की नाही, हे विचारायचे राहून जाते. पाहुणा म्हणून जाणे, कामाला जाणे आणि कायमचे राहायला जाणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्रेंच माणसाच्या उदाहरणावरून हा फरक फार स्वच्छ दिसतो. कारण जगातल्या सर्वांत वजनदार पासपोर्टांपैकी एक त्याच्या खिशात असतो, आणि तरीही पहिला दरवाजा ओलांडल्यावर पुढच्या दोन दरवाजांशी त्याला इतरांसारखेच थांबावे लागते.

अपवाद एकच, आणि तो मोठा आहे. युरोपीय संघातील देशांत फ्रेंच माणसाला व्हिसाच नको. साधे ओळखपत्र दाखवून तो जर्मनीत, इटलीत वा पोर्तुगालमध्ये जातो. तीन महिन्यांपर्यंत कुणी काही विचारत नाही. त्यापुढे राहायचे तर तो नोकरी करतो, शिकतो किंवा स्वतःच्या पैशावर राहू शकतो एवढे दाखवावे लागते. कायदेशीरपणे सलग पाच वर्षे राहिला की कायम वास्तव्याचा हक्क मिळतो. हे कुणाच्या मेहेरबानीने घडलेले नाही. १९८५ साली लक्झेंबर्गमधील शेंगेन या लहानशा गावी पाच देशांनी करार केला, १९९२ साली मास्ट्रिख्टचा करार झाला, आणि १९९५ च्या मार्चमध्ये शेंगेन कराराची अंमलबजावणी होऊन सरहद्दीवरची तपासणी उठली.

करार मोडला की हक्क कसा जातो, याचे उदाहरण इंग्लंडने घालून दिले आहे. वर्षानुवर्षे फ्रेंच तरुण आगगाडीत बसून लंडनला जात, हॉटेलात कपबशा विसळत, इंग्रजी शिकत आणि जमले तर तिथेच राहत. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडला आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला ही मोकळीक संपली. आधीपासून राहणाऱ्यांना आपले वास्तव्य नोंदवण्यासाठी ३० जून २०२१ पर्यंतची मुदत होती. आता नव्याने कामाला जायचे तर परवानाधारक मालकाचे पत्र, ठरलेल्या पातळीचा पगार, शिवाय आरोग्यसेवेपोटी दरसाल १,०३५ पौंडांचा आकार, असा सगळा पसारा आहे. म्हणजे कपबशा विसळायची नोकरी त्या वाटेने मिळणे नाही. नुसते फिरायला जायचे तरी २ एप्रिल २०२५ पासून आधी ऑनलाइन प्रवास-मंजुरी घ्यावी लागते. तिची फी त्याच महिन्यात १० वरून १६ पौंड झाली.

अमेरिकेची गोष्ट आणखी सावधपणे समजून घ्यावी अशी आहे. फ्रेंच पर्यटकाला तिथे ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. 'एस्टा' नावाची ऑनलाइन मंजुरी पुरते. २००९ पासून ती सक्तीची आहे आणि तिची फी २०२५ च्या सप्टेंबरअखेर २१ वरून ४० डॉलर झाली. (सरकारी संकेतस्थळासारखीच दिसणारी, पण दलालांची असलेली स्थळे याच कामाचे कितीतरी पट पैसे उकळतात. हा रोग सर्व देशांत सारखाच आहे.) पण ही मंजुरी म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. विमानतळावरचा अधिकारी परत पाठवू शकतो, आणि या सवलतीने येणारा प्रवासी त्याविरुद्ध अपील करण्याचा हक्क बहुतांशी आधीच सोडून देत असतो. मार्च २०११ नंतर जो इराण, इराक, सीरिया अशा काही देशांत जाऊन आला असेल, किंवा जानेवारी २०२१ नंतर क्युबाला, त्याला ही सवलत साधारणतः मिळत नाही. त्याने वकिलातीत जाऊन रीतसर व्हिसा मागावा. ९० दिवसांची मुदत वाढवून मिळत नाही, आणि एक दिवस जरी जास्त राहिला तरी पुढे ही सवलत बंद.

काम म्हणजे काय, यातही अनेक जण फसतात. पगार हातात पडला नाही म्हणजे ते काम नव्हे, असा समज आहे. एखाद्या घरी राहायचे, जेवायचे आणि त्या बदल्यात मुले सांभाळायची, हेही कायद्याच्या नजरेत काम ठरू शकते. त्यासाठी १८ ते २६ वयाच्या मुलामुलींकरिता वेगळा व्हिसा आहे. धंदा करू इच्छिणाऱ्या फ्रेंच माणसाला गुंतवणूकदाराचा व्हिसा मागता येतो, कारण फ्रान्स आणि अमेरिका यांच्यात तसा करार आहे. भारताचा नाही. अक्कल, भांडवल, धंदा सारखाच असून पासपोर्टाच्या रंगाने फरक पडतो तो इथे.

आता तरुणांच्या आवडीचा मार्ग पाहू. 'सुट्टी आणि काम' या नावाचा एक परवाना असतो. पहिला फ्रेंच करार १९९९ साली जपानशी झाला आणि पुढे कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अर्जेंटिना असे अनेक देश त्यात आले. मुक्कामाचा खर्च भागवण्यासाठी जाईल तिथे मिळेल ते काम करता येते. कॅनडा हा परवाना १८ ते ३५ वयाच्या फ्रेंचांना २४ महिन्यांपर्यंत देतो, पण नावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निघतात. नाव निघाले तरी २,५०० कॅनडियन डॉलर जवळ असल्याचे दाखवावे लागते आणि मुक्कामभराचा आरोग्यविमा काढावा लागतो. इथे कंजूषपणा महागात पडतो. पैसे वाचवायला एखाद्याने एकाच वर्षाचा विमा काढला, तर अधिकारी परवानाही एकाच वर्षाचा देऊ शकतो, आणि मग उरलेले वर्ष मागून मिळत नाही.

कॅनडात स्थायिक होण्यासाठी मात्र फ्रेंच भाषाच कामाला येते. क्वेबेक प्रांत फ्रेंच बोलतो आणि १९९१ च्या करारानुसार आपले बहुतेक स्थलांतरित स्वतः निवडतो. २००८ साली क्वेबेक आणि फ्रान्स यांनी एकमेकांच्या व्यावसायिक पात्रता मानण्याचा करार केला. क्वेबेकच्या बाहेरही फ्रेंच जाणणाऱ्या कामगारासाठी मालकाला 'स्थानिक माणूस मिळाला नाही' हे सिद्ध करावे लागत नाही.

ऑस्ट्रेलियाने फ्रेंचांसाठी वयाची मर्यादा २०१९ साली ३० वरून ३५ केली. पहिले वर्ष सरळ मिळते. दुसऱ्या वर्षाची इच्छा असेल तर आडगावी शेतात, बांधकामावर वा तशाच ठरावीक कामावर तीन महिने, म्हणजे ८८ दिवस भरावे लागतात. तिसऱ्यासाठी सहा महिने. पॅरिसमध्ये वाढलेली पदवीधर मुले उन्हात वाकून फळे तोडतात. कष्टाला आम्ही कमी लेखत नाही. आमच्या आजी-आजोबांनी तेच केले. पण ८८ दिवसांच्या दाखल्यासाठी मालकावर अवलंबून राहावे लागते, म्हणून कमी मजुरी, राहण्याचे अवाच्या सवा भाडे आणि वाईट वागणूक मुकाट्याने सोसली जाते, हे तिथल्या चौकशांतून पुढे आले आहे. मजुरीची पावती आणि बँकेतला जमा हिशोब जपून ठेवणे हाच त्यावर इलाज. अशाच प्रकारचा परवाना २०२४ पासून भारतीयांनाही खुला झाला आहे. पण वय १८ ते ३०, आणि जागा वर्षाला फक्त एक हजार, त्याही सोडतीने.

हाच फ्रेंच नागरिक भारतात आला तर? इथे त्याचा पासपोर्ट पुरत नाही. पर्यटकाला ई-व्हिसा मिळतो, त्यावर नोकरी चालत नाही. नोकरीच्या व्हिसासाठी साधारणपणे वर्षाला सव्वासोळा लाख रुपयांच्या वर पगार हवा. भाषाशिक्षक, दुभाषे, परदेशी खाद्यपदार्थांचे आचारी अशांना त्यातून सूट आहे. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्याने परदेशी नागरिकांच्या कार्यालयात १४ दिवसांत नोंदणी करावी लागते.

पण भारतातच जन्मलेले, तमिळ बोलणारे फ्रेंच नागरिकही आहेत. ते पुदुच्चेरीत राहतात आणि त्यांची कहाणी आमच्या वाचकांना जवळची वाटेल. तिथे फ्रेंच राज्य असताना २१ सप्टेंबर १८८१ रोजी एक हुकूम निघाला. ज्याला आपल्या धर्म-जातीचा वैयक्तिक कायदा सोडायचा असेल, त्याने तसे लेखी जाहीर करावे आणि आडनाव घ्यावे. मग त्याला, त्याच्या बायकोला आणि वंशजांना फ्रान्सचाच दिवाणी कायदा लागू होईल. ज्यांना गावाने नाव कमी आणि जातच जास्त दिली होती, अशा पुष्कळ कुटुंबांनी, तसेच ख्रिस्ती झालेल्यांनी, हा मार्ग धरला. त्यांतले कित्येक फ्रेंच सैन्यात आणि कचेऱ्यांत शिरून सायगावपर्यंत गेले.

पुदुच्चेरीचा कारभार १ नोव्हेंबर १९५४ रोजी भारताकडे आला. १९५६ च्या करारावर अंमल सुरू झाला तो १६ ऑगस्ट १९६२ ला. तिथे जन्मलेले आणि तिथेच राहणारे फ्रेंच प्रजाजन त्या दिवशी भारतीय झाले. फ्रेंच राहायचे असेल त्याने सहा महिन्यांत लेखी कळवायचे होते. काही हजारांनी कळवले, बाकीच्यांनी नाही. त्या एका कागदाने पुढच्या पिढ्यांची दिशा ठरली. एका घरातल्या नातवाला पॅरिसचे दार मोकळे, तर शेजारच्या घरातला नातू व्हिसाच्या रांगेत. गोव्यातल्या वाचकांना हे नवे वाटणार नाही; १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांनी पोर्तुगीज पासपोर्ट काढून, वर सांगितलेली मोकळीक संपेपर्यंत, इंग्लंड गाठले होते.

मात्र ज्यांनी फ्रान्स निवडला ते आपल्याच जन्मगावी परदेशी ठरले, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. सेवानिवृत्त सैनिक फ्रान्सचे निवृत्तिवेतन घेतो, पण राहतो वडिलांच्या घरी, परदेशी म्हणून. २००५ पासून मिळू लागलेल्या ओसीआय कार्डाने इतर अनेकांची सोय केली. १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात आलेल्या प्रदेशाचे मूळ रहिवासी आणि त्यांची मुले, नातवंडे, पणतवंडे हे कार्ड मागू शकतात. त्यावर आयुष्यभर येता-जाता येते, राहता येते, नोकरी करता येते, पोलिसांकडे नोंदणीही लागत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही. मतही देता येत नाही. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली की हे लोक पुदुच्चेरीतच फ्रेंच वकिलातीच्या रांगेत उभे राहून मत देतात.