दुखणे दिसत नाही म्हणून

श्रोतेहो, नांदेड जिल्ह्यातल्या किनवट-माहूरच्या डोंगरपट्ट्यात एक आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. दवाखान्यात त्याला सिकलसेल म्हणतात. सिकल म्हणजे विळा, आपल्या बोलीतला इळा. आदिवासी समाजात तो जास्त आढळतो, पण केवळ त्यांच्यातच आहे असे नव्हे.

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी वाटोळ्या आणि मऊ असतात. बारीक नळीतूनही वाकून निघून जातात. या आजारात त्यांच्यातला प्राणवायू कमी झाला की त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. मग पाटाच्या तोंडाशी काटक्या अडकाव्यात तशा त्या अडकतात, पुढे रक्त पोचत नाही, आणि हाडांच्या आतून कळा सुरू होतात. शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली अशा पेशींचे वर्णन केले. आपल्या देशात नीलगिरीच्या आदिवासींत त्या १९५२ साली सापडल्या.

आता खरी अडचण ऐका. हे दुखणे दिसत नाही. हात मोडला तर तो लोंबतो, विंचू चावला तर जागा दाखवता येते. इथे पुष्कळदा ना सूज, ना जखम. आणि कळ किती आहे हे कोणत्याही रक्ततपासणीत कळत नाही. शिवाय हे दुखणे पुन्हा पुन्हा येते. मग "आलास का परत?" असे विचारले जाते. जालीम वेदनाशामकाची सवय लागेल या भीतीने ते द्यायला हात आखडला जातो. रुग्ण नाराज होतो तो बहुधा औषधावर नव्हे. आपल्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, तासन्‌तास बाकावर बसवले, यावर. पुढल्या खेपेला तो दवाखान्यात जातच नाही, घरीच कण्हत पडतो. धोका आहे तो इथे, कारण त्याच वेळी छातीत दुखून धाप लागली किंवा ताप चढला तर जीवावर बेतते.

ब्रिटनमध्ये २०१२ साली डॉक्टरांसाठी नियम घालून दिला गेला की असा रुग्ण आल्यापासून अर्ध्या तासात त्याला वेदनाशामक मिळावे, आणि आराम पडला की नाही हे त्यालाच वारंवार विचारावे. विचारायला यंत्र लागत नाही. दहापैकी किती, असे डॉक्टर विचारतात, आपल्या म्हाताऱ्या माणसाला "सोळा आण्यांतले किती आणे दुखतंय?" म्हटले तर चटकन समजेल. औषधानंतर तो चौदाचे सहा आणे म्हणाला, तर तेच खरे माप.

गुरुजी, तुमच्याकडे एक काम आहे. किनवटकडचे पोरगे शिकायला लातूरच्या वसतिगृहात राहते. परीक्षेच्या तोंडावर थंडीत त्याच्या मांड्या ठणकू लागल्या, तर सोबती म्हणतील, सोंग करतो. तुम्ही तसे म्हणू नका. पाणी कमी पडणे, गारठा, ताप, अति दमणूक यांनी कळ उठते. त्याला वर्गात पाण्याची बाटली ठेवू द्या. या मुलांना लघवीला वारंवार लागते, तेव्हा बाहेर सोडायला कुरकुर नको. भर उन्हात कवायतीची सक्ती तर नकोच.

डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज हायड्रॉक्सीयुरिया घेतल्यास कळांच्या खेपा पुष्कळांच्या कमी होतात. आईबाप दोघेही वाहक असले, तर दर गर्भाला आजाराची शक्यता चारात एक. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तिन्ही सुटली, असा हिशेब इथे चालत नाही. वाहकाला स्वतःला बहुधा काहीच त्रास नसतो, म्हणून लग्नाआधी रक्त तपासावे. आदिवासी भागांतल्या चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी करण्याची मोहीम १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झाली आहे.

आणि ज्याला आजार आहे त्याने तपासणीचे कार्ड आणि मागच्या खेपेला कोणत्या औषधाने, किती मात्रेने आराम पडला होता ती चिठ्ठी, दोन्ही एकाच पिशवीत ठेवावीत. किनवटहून नांदेड शंभर किलोमीटरहून लांब आहे. रात्री निघायची वेळ आली तर ती पिशवी उशाशीच असावी.