कलम १२० आणि डच न्यायाधीशांचे बांधलेले हात

संसदेचा कायदा न्यायालय रद्द करू शकते, हे केशवानंद भारती खटल्याच्या देशातून आलेल्या आपल्याला स्वाभाविक वाटते. नेदरलँड्समध्ये मात्र संविधानाचे कलम १२० ते तपासण्यासच न्यायाधीशांना मनाई करते. कायदा संविधानाला धरून आहे की नाही, हे संसदेनेच ठरवायचे.

सत्ताविभाजन येथे नाही, असे नव्हे. खासदार मंत्री झाला की त्याला सभागृह सोडावे लागते. भारतात उलट मंत्र्याला सहा महिन्यांत खासदार व्हावे लागते. शिवाय कलम ९४ अन्वये आंतरराष्ट्रीय करारांशी विसंगत कायदा न्यायालय बाजूला ठेवू शकते. म्हणजे स्वतःच्या संविधानापेक्षा युरोपीय मानवाधिकार करार नागरिकाच्या अधिक कामी येतो!

याची किंमत बालसंगोपन अनुदान प्रकरणात दिसली. किरकोळ त्रुटींसाठीही पालकांकडून संपूर्ण अनुदान वसूल केले गेले. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हा कर विभागाच्या जोखीम-मापनातील एक निकष होता. आपल्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवावे. ‘राद व्हान स्टाते’ ही संस्था विधेयकांवर सरकारला सल्ला देते आणि प्रशासकीय खटल्यांत अंतिम निवाडाही करते. तिने ही कठोर वसुली ऑक्टोबर २०१९ पर्यंत ग्राह्य धरली. जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

कलम १२० शिथिल करणारे फेम्के हाल्सेमा यांचे विधेयक २००२ मध्ये मांडले गेले होते. घटनादुरुस्तीला दोन वाचने लागतात, मध्ये निवडणूक आणि दुसऱ्या वेळी दोन-तृतीयांश बहुमत. पहिले वाचन पार पडले. दुसरे रखडले आणि २०१८ मध्ये विधेयक बारगळले.