लढाईच बेकायदा असेल तर?

खाल्ल्या मिठाला जागावे, हे आमच्या इंदूरच्या जुन्या घरांतून लहानपणी जितक्या वेळा कानांवर पडते तितके दुसरे कोणतेही बोधवचन पडत नसेल. ज्यांचे पूर्वज होळकरांच्या फौजेबरोबर नर्मदा ओलांडून इकडे आले, त्यांना शिपाईगिरीची नीती वेगळी शिकवावी लागली नाही. धनी सांगेल तेथे जावयाचे. लढाई कशासाठी, हे धन्याने पाहावयाचे. भीष्मद्रोणांनाही अखेर हेच बंधन आडवे आले. तरी आपल्याकडे एक भेद होताच. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई, बारगिराचा घोडा मात्र सरकारी. शिलेदाराचे मन उठले तर तो घोडा वळवून घरी जाण्याचा विचार तरी करू शके. बारगिराने कशाच्या जोरावर करावा? आजचा पगारी सैनिक, मग तो कोणत्याही देशाचा असो, बारगीरच आहे.

अशा सैनिकाला एके दिवशी मनापासून पटले की, आपण ज्या लढाईवर निघालो आहोत ती मुळातच बेकायदा आहे, तर त्याने काय करावे? मुकाट्याने गेला, तर पुढे कायदा त्याला जबाबदार धरील काय? आणि गेला नाही तर? प्रश्न केवळ पुस्तकी नव्हे. २००३ साली अमेरिका व ब्रिटन यांनी इराकवर स्वारी केली, त्यानंतर तीन देशांतील तीन अधिकाऱ्यांनी तो न्यायासनापुढे नेला आणि तिघांना तीन निरनिराळी उत्तरे मिळाली. ही हकीकत आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

त्याआधी थोडी पूर्वपीठिका. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गला जर्मन पुढाऱ्यांवर खटला चालला व १९४६ साली निकाल लागला. वरिष्ठांचा हुकूम होता, ही सबब आरोपीला निर्दोष ठरविण्यास पुरेशी नाही, फार तर शिक्षा सौम्य करण्यास कामी येईल, असे त्या न्यायालयाच्या सनदेतच लिहिलेले होते. यावरून पुष्कळांची अशी समजूत झाली आहे की, अन्याय्य युद्धात लढणारा प्रत्येक शिपाई गुन्हेगार ठरतो. ते खरे नव्हे. कायद्याने दोन खाती वेगळी ठेवली आहेत: युद्ध सुरू करणे हे एक आणि युद्धात वागणे हे दुसरे. दुसऱ्या खात्यात शिपायापासून सेनापतीपर्यंत प्रत्येकाचे नाव आहे. १६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधील माय लाई गावी निःशस्त्र माणसे मारली गेली, त्याबद्दल लेफ्टनंट कॅली याला १९७१ साली अमेरिकेच्याच लष्करी न्यायालयाने दोषी ठरविले. ‘हुकूम होता’ हे त्याचे म्हणणे टिकले नाही.

पहिल्या खात्याची गोष्ट निराळी. १९४८ साली जर्मन सेनापतींच्या खटल्याचा निकाल न्यूरेंबर्गलाच लागला. त्यात फील्डमार्शल फॉन लेब हा प्रमुख आरोपी. १९४१ साली रशियावर चालून गेलेल्या उत्तरेकडील सैन्यसमूहाचा हा सरदार. पण आक्रमक युद्ध केल्याच्या आरोपातून तो आणि त्याचे सोबती सुटले. (इतर गुन्ह्यांसाठी त्यांतील बहुतेकांना शिक्षा झाल्या, ती गोष्ट वेगळी.) युद्धाचे धोरण ठरविण्यात ज्यांचा हात नव्हता, त्यांना युद्ध पुकारल्याचा दोष लागत नाही, असे न्यायाधीशांनी म्हटले. फील्डमार्शल जेथे सुटला तेथे शिपायाची काय कथा! त्याच वर्षी टोकियोच्या खटल्यात आपले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी तर याही पुढे जाऊन, आक्रमक युद्ध हा आंतरराष्ट्रीय कायद्यात अद्याप गुन्हाच ठरलेला नाही, असे भिन्नमत नोंदविले. आज आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कायद्यातही आक्रमणाचा गुन्हा आहे. त्याची व्याख्या २०१० साली कंपाला येथे ठरली आणि २०१८ पासून ती अमलात आली. राष्ट्राच्या राजकीय वा लष्करी कारवाईची सूत्रे ज्याच्या हाती, तोच त्या गुन्ह्याचा धनी.

सैनिकाला हा केवढा दिलासा, असे वाटेल. पण दिलासा देणारे हेच वाक्य त्याच्यावर उलटते कसे, ते पाहा.

ब्रिटिश हवाई दलातील डॉक्टर फ्लाइट लेफ्टनंट माल्कम केंडल-स्मिथ यांनी २००५ साली बसऱ्यास जाण्याचे नाकारले. इराकवरील स्वारी बेकायदा, म्हणून तेथे जाण्याचा हुकूमही बेकायदा, असे त्यांचे म्हणणे. न्यायाधीशांनी उत्तर दिले की, एक तर २००५ साली ब्रिटिश फौजा संयुक्त राष्ट्रांच्या ठरावांच्या आधारे तेथे आहेत. आणि दुसरे, आक्रमणाचा गुन्हा धोरण ठरविणाऱ्यांचा, तुमच्यासारख्या डॉक्टरकडून तो घडूच शकत नाही. म्हणजे ज्या न्यायाने फॉन लेब सुटला, त्याच न्यायाने हे गृहस्थ अडकले! एप्रिल २००६ मध्ये आठ महिन्यांची कैद, नोकरीतून बडतर्फी, वर वीस हजार पौंड खर्च.

अमेरिकेचा लेफ्टनंट एरेन वाताडा याची गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी. होनोलुलूचा हा तरुण २००३ साली आपणहून सैन्यात शिरला. पलटण इराकला जाणार असे ठरले तेव्हा त्याने त्या युद्धाविषयी वाचावयास सुरुवात केली, आणि वाचता वाचता मन फिरले. जानेवारी २००६ मध्ये त्याने राजीनामा दिला, तो स्वीकारला गेला नाही. अफगाणिस्तानात लढावयास जातो, असेही त्याने सांगून पाहिले. म्हणजे गडी लढाईला भ्यालेला नव्हता. सैन्याने ते मानले नाही आणि इराकमध्येच कचेरीतले काम देऊ केले, ते त्याने मानले नाही. जून २००६ मध्ये पलटण गेली, हा मागे राहिला.

फेब्रुवारी २००७ मध्ये खटला उभा राहिला. युद्ध कायदेशीर की बेकायदा हा राजकीय प्रश्न आहे, तो येथे काढता येणार नाही, असे न्यायाधीशांनी आधीच बजावले होते. वाताडाने लिहून दिले होते की, मी पलटणीबरोबर गेलो नाही हे खरे. न्यायाधीशांना ही गुन्ह्याची कबुली वाटली. वाताडा म्हणे, घटना कबूल, गुन्हा नाकबूल, कारण हुकूमच बेकायदा. ज्या मुद्द्याला दाराबाहेर ठेवले होते तो असा खिडकीतून आत आला आणि न्यायाधीशांनी तो खटला निष्फळ म्हणून रद्द केला. एकाच आरोपावर माणसाला दोनदा उभे करता येत नाही, म्हणून नागरी न्यायालयाने फेरखटला अडविला. २००९ साली सरकारने अपील सोडून दिले, आणि ऑक्टोबरात वाताडाला सन्मानपूर्वक नव्हे अशा शेऱ्यानिशी सेवेतून मोकळे केले. युद्ध बेकायदा होते की नव्हते, याचा निवाडा मात्र झाला नाही.

तिसरा अधिकारी जर्मनीचा, मेजर फ्लोरियान फाफ. त्याला कोठे पाठवावयाचे नव्हतेच; सैन्याच्या एका संगणक-प्रणालीचे काम त्याच्याकडे होते. त्या कामाचा इराकच्या युद्धास हातभार लागेल, म्हणून त्याने नकार दिला. खालच्या न्यायालयाने त्याला मेजरचा कॅप्टन केला. २१ जून २००५ रोजी लायप्झिगच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. युद्ध बेकायदा असल्याचे शाबीत करून दाखव, असे न्यायालयाने त्याला म्हटले नाही. त्या युद्धाच्या कायदेशीरपणाविषयी गंभीर शंका आहेत, आणि राज्यघटनेने दिलेले सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य गणवेश चढविल्याने संपत नाही, एवढ्यावर निकाल दिला. अशा माणसाला दुसरे काम द्या, असा त्याचा भावार्थ.

मला हा निकाल तिन्हींत शहाणपणाचा वाटतो. आक्षेप मला ठाऊक आहे. प्रत्येक शिपाई लढाई तोलू लागला तर सैन्य राहील काय? आणि जे सैन्य सरकारची एक आज्ञा तपासू लागते, ते उद्या सरकारच उलथू लागले तर? शेजारची उदाहरणे आपल्या डोळ्यांपुढे आहेत, म्हणून हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. परंतु फाफने बंदूक सरकारकडे वळविली नव्हती. ती उचलण्यास तेवढा नकार दिला होता. आणि लहर वेगळी, मनाची खरी टोचणी वेगळी, हे पारखून घ्या, असे न्यायालयानेही म्हटले आहेच.

आपल्या देशात हा प्रसंग इराकवरून आला असता. एप्रिल २००३ मध्ये लोकसभेने त्या स्वारीविरुद्ध एकमताने ठराव केला. हिंदीत ‘निंदा’ आणि इंग्रजीत त्याहून मवाळ शब्द, यावर तेव्हा चर्चाही बरीच झाली. पुढे अमेरिकेने भारताकडे फौज मागितली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नाही म्हणून १४ जुलै २००३ रोजी सरकारने नकार दिला. महूच्या छावणीतल्या एखाद्या मेजरवर तो नकार देण्याची पाळी आली नाही. आली असती तर त्याच्यापुढे १९५० च्या लष्कर कायद्याचे कलम ४१ होते. त्यात शिक्षा सांगितली आहे ती ‘कायदेशीर’ हुकूम मोडल्याबद्दल. विवेकाच्या आधारे नकार देण्याची सोय त्या कायद्यात नाही. हुकूम कायदेशीर होता की नव्हता, हे तो मोडून झाल्यावर लष्करी न्यायालय ठरविते.